चारकोलच्या पिशव्या: कुबट वास जातो, पण पाकिटावर लिहिलंय तसा नाही

जुन्या पुस्तकांचा कुबट वास घालवायला ॲक्टिव्हेटेड चारकोलच्या (म्हणजे वास धरून ठेवायला खास तयार केलेल्या कोळशाच्या) छोट्या कापडी पिशव्या मिळतात ना ऑनलाइन, त्या भरपूर वापरून झाल्यात म्हणून लिहितेय. वस्तू चांगली आहे, जाहिरात मात्र नुसती फेकाफेकी.

पाकिटावर म्हणे "कपाटात ठेवा आणि विसरा". उघड्या कपाटात ठेवली तर काहीही होत नाही, लिहून घ्या. या कोळशाला आतून बारीक बारीक छिद्रं असतात, एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग मोजला तर ५०० ते १००० चौरस मीटर सहज भरतो आणि वासाचे रेणू त्याच्यावर येऊन चिकटतात, पण ते तिथपर्यंत पोचले तर चिकटणार ना, अख्ख्या खोलीची हवा ती एवढीशी पिशवी कुठे ओढत बसणार! त्यामुळे घट्ट झाकणाचा मोठा डबा घ्या, पुस्तकं त्यात उभी ठेवा, पानं जरा सुटी होतील अशी अर्धवट उघडून, पिशव्या बाजूला, पानांना टेकू द्यायच्या नाहीत कारण काळी पूड गळते थोडी. आठवड्याभरात फरक कळायला लागतो, जाडजूड पुस्तक असेल तर महिनाही जातो, मधेमधे पानं उलटून ठेवायची.

आता खरी गोष्ट, जी पाकिटावर कुठेच नाही. पुस्तक आधी कोरडं पाहिजे. कुबट वास येतो तो मुळात बुरशी जे वायू सोडते त्यांचा, आणि हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला रान मोकळं, म्हणजे तुम्ही वास काढताय आणि ती परत तयार करतेय. शिवाय दमट हवेत कोळशाची छिद्रं पाण्यानेच भरतात, मग वासाला जागा उरत नाही. म्हणून मी आधी पुस्तकं पंख्याच्या वाऱ्यावर, मग सिलिका जेल (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या) सोबत घालून डब्यात आणि चारकोल सगळ्यात शेवटी, असं करते. कडक उन्हात पुस्तकं वाळवत बसू नका, कागद पिवळा पडतो. पानांवर ठिपके दिसत असतील तर ते पुस्तक बाकीच्यांपासून वेगळं काढा, मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशने झटका, पिशवीने बुरशी मरत नाही. फ्रीझरमध्ये ठेवून पण मरत नाही, नुसती गप्प बसते.

"महिन्यातून एकदा उन्हात ठेवा, दोन वर्षं चालेल" हा दावा तर मला अजिबात पटलेला नाही. उन्हाने ओल निघते तेवढीच, आत अडकलेला वास बहुतेक तिथेच राहतो, कोळसा खरंच पुन्हा ताजा करायचा तर भट्टीत ७००-८०० डिग्रीच्या आसपास तापवावा लागतो, ते काही गच्चीवर होत नाही 😄 काही महिन्यांनी बदलायच्या, बस.

आणि हो, जुन्या कागदाचा तो हलका गोडसर, व्हॅनिलासारखा वास असतो ना, तो ओलीचा नाही, कागदातलं लिग्निन, म्हणजे लाकडातून आलेलं द्रव्य, हळूहळू मोडतं त्याचा आहे. तो कमी होतो पण जात नाही कारण कागद तो बनवतच राहतो. घालवायचा तरी कशाला म्हणा.

बेकिंग सोडा स्वस्तात पडतो आणि आंबूस वासाला बरा आहे, पण वाटीत घालून त्याच डब्यात ठेवायचा, पानांवर भुरभुरवू नका, बांधणीत जाऊन बसला की निघता निघत नाही. सुगंधी स्प्रे म्हणजे कुबट अधिक गुलाब, नकोच. ओझोन मशीनच्या तर वाटेलाच जाऊ नका, वास जाईल पण कागदाचं ऑक्सिडेशन होऊन तो ठिसूळ होईल.

पाचपैकी साडेतीन स्टार, दीड कापला तो पाकिटावरच्या थापांसाठी. पुढच्या वेळी या गोंडस पिशव्या न घेता फिश टँकच्या फिल्टरमध्ये घालतात तो दाणेदार कोळसा घेणार आहे, तोही ॲक्टिव्हेटेडच असतो, चाळून धूळ काढायची आणि सुती मोज्यात बांधायचा. शेगडीचा कोळसा मात्र नाही चालत, त्याला एवढी छिद्रं नसतात.