कर्वेनगरची एम्बेडेड लिनक्स व्हिडिओ बॅच: १० वीकेंड, १८ हजार रुपये

मी चाकणला ऑटो कंपोनंटच्या एका कंपनीत मशीन व्हिजनचं काम करते. प्रेस शॉपमधून येणाऱ्या ब्रॅकेटवर सगळे रिव्हेट बसलेत का, हे कॅमेऱ्याने बघायचं, आणि तेही लाइनवरच लावलेल्या तळहाताएवढ्या बोर्डावर. सी येत होतं, लिनक्स येत होतं, चित्रांवर काम करायची ओपनसीव्ही लायब्ररी येत होती. पण कॅमेऱ्याच्या सेन्सरपासून माझ्या प्रोग्रॅमपर्यंत चित्र येतं कसं, हे धड माहीत नव्हतं. पुण्यात कर्वेनगरला एक सर वीकेंडला घेतात ती एम्बेडेड लिनक्सची, म्हणजे अशा छोट्या बोर्डावर चालणाऱ्या लिनक्सची, व्हिडिओ बॅच मी जानेवारी ते मार्च केली. रिव्ह्यू लिहायला मुद्दाम तीन महिने थांबले, शिकलेलं कामात उतरतंय का ते बघायचं होतं. उतरलंय, म्हणून लिहितेय.

याआधी शहरातल्याच एका मोठ्या जाहिरातीच्या क्लासला मी ३८ हजार भरले होते. तिथे पहिल्याच दिवशी सगळं तयार करून ठेवलेली सिस्टीम हातात दिली. कमांड छापलेल्या होत्या, त्या टाकायच्या आणि पडद्यावर चित्र आलं की पुढचं पान. सर्टिफिकेट मिळालं. ऑफिसात पहिल्या दिवशी चित्र आलं नाही, तेव्हा त्या छापील पानांवर त्याचं उत्तर नव्हतं. तो अनुभव गाठीशी होता म्हणून इथे फी भरण्याआधी सरांना फोन करून विचारलं, "बोर्ड हातात देणार ना?" ते म्हणाले, "देईन, पण पहिल्या दिवशी नाही."

तसंच झालं. पहिल्या शनिवारी बोर्ड कपाटातच राहिले आणि प्रत्येकाला कागद-पेन्सिल मिळाली. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. वायूवायव्ही या कॉम्प्रेस न केलेल्या फॉरमॅटमध्ये दर पिक्सेलला २ बाइट, म्हणजे एक फ्रेम ४१,४७,२०० बाइटची. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे १२ कोटी ४४ लाख १६ हजार बाइट. मग सरांनी विचारलं, यूएसबी २.० मधून सेकंदाला किती जातात? ४८ कोटी बिट, म्हणजे ६ कोटी बाइट, आणि प्रत्यक्षात हातात त्याहूनही कमी. कागदावरच दिसलं की हे मावणारच नाही.

मी पेन्सिल खाली ठेवली. आमच्या लाइनवरचा यूएसबी कॅमेरा १०८० ला सेकंदाला ५ च फ्रेम देत होता आणि तीन आठवडे आम्ही आमच्याच कोडमध्ये चूक शोधत होतो. थ्रेड बदलले, कंपायलरचे फ्लॅग बदलले, रात्री बसून प्रोफाइलिंग केलं. चूक कुठेच नव्हती, कॅमेरा तारेत मावेल तेवढंच पाठवत होता. एमजेपेगवर, म्हणजे प्रत्येक फ्रेम कॉम्प्रेस करून पाठवण्यावर, टाकला असता तर ३० फ्रेम आल्या असत्या, पण मग कॉम्प्रेशनमुळे रिव्हेटची कड फुटते आणि आम्हाला तर नेमकी कडच मोजायची असते. सोमवारी ऑफिसला जाऊन मी हेच गणित फळ्यावर लिहिलं आणि आम्ही सीएसआय केबलच्या, म्हणजे यूएसबी टाळून थेट बोर्डाच्या चिपला जोडायच्या, कॅमेऱ्याकडे वळलो. या एका सकाळीतच माझी फी वसूल झाली.

सरांची शिकवण्याची पद्धत शेवटपर्यंत हीच राहिली. कोड लिहायच्या आधी फ्रेमचा रस्ता कागदावर काढायचा: सेन्सर, सीएसआय रिसीव्हर, आयएसपी (सेन्सरचं कच्चं चित्र नीट करणारा भाग), मेमरी, एन्कोडर (व्हिडिओ कॉम्प्रेस करणारा), नेटवर्क. प्रत्येक बाणावर तीन गोष्टी लिहायच्या: आकार, पिक्सेल फॉरमॅट आणि सेकंदाला किती बाइट. ज्याचा कागद अपुरा, त्याला कीबोर्ड नाही. पहिले दोन आठवडे काहींना हे कंटाळवाणं वाटलं. चौथ्या आठवड्यापासून सगळे न सांगता आधी कागद ओढायला लागले.

डिव्हाइस ट्रीचा, म्हणजे बोर्डाला काय कुठे जोडलंय ते लिनक्सला सांगणाऱ्या फाइलचा, रविवार मला फार आवडला. आयएमएक्स २१९ हा कॅमेरा सेन्सर आय-टू-सी वर (चिपशी बोलायच्या दोन तारांवर) हेक्स १० या पत्त्यावर हजेरी लावतो. आमच्या टेबलावर त्याने हजेरी लावली, ड्रायव्हर लोड झाला, व्हिडिओचा नोडही उगवला, पण फ्रेम एकही येईना. तास गेला. सरांनी उत्तर सांगितलं नाही, फक्त विचारलं, "हजेरी कुठल्या तारेवर दिली आणि चित्र कुठल्या तारेवर येतंय?" हजेरी आय-टू-सी वर, चित्र सीएसआयच्या लेनवर, म्हणजे डेटाच्या वेगळ्या तारांवर. आमच्या केबलमध्ये दोनच डेटा लेन होत्या आणि आम्ही डिव्हाइस ट्रीमध्ये चार लिहून बसलो होतो. दुरुस्ती एका ओळीची, पण ती शोधायला जो तास गेला, त्याचाच आज मला उपयोग होतो.

"ब्रोकन पाइप" या एररचंही तसंच. स्ट्रीम चालू करायला गेलं की कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, हे दोन शब्द देऊन मोकळा होतो, आणि नेटवर्कवर काम केलेला माणूस सॉकेट तुटलाय का ते शोधत बसतो. इथे त्याचा अर्थ असा की रस्त्यातल्या दोन शेजाऱ्यांचं आपसात जमलेलं नाही. सेन्सरचा पॅड (जोडायचं टोक) १६४० गुणिले १२३२ वर आणि त्याला जोडलेला पुढचा पॅड १९२० गुणिले १०८० वर. मीडिया-सीटीएल या कमांडने प्रत्येक पॅडवर काय लिहिलंय ते वाचायचं आणि दोन्ही टोकं सारखी करायची. सरांनी मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणी असा बिघाड करून ठेवला होता आणि प्रत्येक जोडीला एकेक दिला. तो रविवार मला अजून तसाच आठवतो.

आणि कुंकवाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. रंगांच्या धड्याला सरांनी कॅमेऱ्यासमोर हळदीकुंकवाचा करंडा ठेवला. चित्र बरोबर आलं, कुंकू लाल, हळद पिवळी. मग म्हणाले, कॅमेरा मशीनवर उलटा बसवायचा आहे असं समजा, चित्र आडवं-उभं दोन्हीकडून फिरवा. सेन्सरच्या सेटिंगमध्ये दोन बिट बदलले. चित्र सरळ झालं, पण कुंकू निळं आणि हळद आकाशी! सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल एकच रंग बघतो: एका ओळीत लाल-हिरवा-लाल-हिरवा, खालच्या ओळीत हिरवा-निळा-हिरवा-निळा. चित्र १८० अंशांत फिरवलं की वाचनाची सुरुवात लालऐवजी निळ्यावरून होते. सेन्सरने क्रम बदलला आणि आम्ही पुढच्या टप्प्याला जुनाच क्रम सांगितला, म्हणून लाल-निळ्याची अदलाबदल झाली. हळदीत लाल आणि हिरवा दोन्ही असतात. लालच्या जागी निळा गेला की हिरवा-निळा, म्हणजे आकाशी. बेयर पॅटर्न, म्हणजे रंगांची ही मांडणी, मी दहा वेळा वाचला असेल, पण माझ्या डोक्यात तो त्या करंड्यामुळे बसला. आमच्या गंजाच्या डागांच्या तपासणीत पुढे हीच चूक निघाली आणि मला ती पाच मिनिटांत कळली.

सर २००५-०६ पासून या कामात आहेत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची डाविंची ही व्हिडिओच्या चिपांची मालिका तेव्हा नवी होती. त्यांच्याकडे डीएम ६४४६ चा जुना बोर्ड अजून आहे: एकाच चिपवर २९७ मेगाहर्ट्‌झचा आर्म प्रोसेसर आणि ५९४ मेगाहर्ट्‌झचा डीएसपी (सिग्नलची गणितं करणारा प्रोसेसर). लिनक्स आर्मवर, व्हिडिओ कॉम्प्रेस करणारा कोडेक डीएसपीवर, आणि दोघांना एकच सलग मेमरी बघता यावी म्हणून सीमेम नावाचं वेगळं मॉड्यूल. तो बोर्ड हातात देऊन त्यांनी समजावलं की आज आपण जे सहज वापरतो, ते २०१२ साली मूळ कर्नेलमध्ये आलं. डीएमए-बफ (एकच बफर कॉपी न करता वेगवेगळ्या भागांनी वापरायची सोय) ३.३ मध्ये, सीएमए (सलग मेमरी मिळवायची सोय) ३.५ मध्ये. त्याआधी प्रत्येक चिप कंपनीचा आपापला जुगाड होता. हे ऐकल्यावर डीएमए-बफ कशासाठी आहे ते मला वेगळं समजवावं लागलं नाही.

त्याचा हिशोबही आम्ही केला. सीपीयूने एक फ्रेम कॉपी करायची म्हणजे तेवढे बाइट वाचायचे आणि तेवढेच लिहायचे. वरच्या गणिताने एका कॉपीला मेमरीवर सेकंदाला जवळपास २५ कोटी बाइटचा भार. जीस्ट्रीमर या व्हिडिओचे टप्पे एकामागे एक जोडायच्या साधनाच्या साध्या पाइपलाइनमध्ये आपल्या नकळत अशा दोन-तीन कॉपी होतात, आणि त्यातला व्हिडिओकन्व्हर्ट हा टप्पा सीपीयूवर रंग बदलत बसतो तो वेगळाच. माझ्या टेबलावरच्या आय.एमएक्स ८एम प्लस बोर्डावर एक कोअर ८० टक्क्यांवर होता. बफर डीएमए-बफने पुढे दिले, रंग बदलायचं काम हार्डवेअरकडे सोपवलं, आणि तो १२ टक्क्यांवर आला. कोडच्या चारच ओळी बदलल्या होत्या.

आता न पटलेलं. एच.२६४ एन्कोडिंगला, म्हणजे व्हिडिओ कॉम्प्रेस करायच्या पद्धतीला, जेमतेम दीड दिवस दिला. बिटरेट कसा सांभाळायचा, बी-फ्रेममुळे (पुढच्या फ्रेमवरही अवलंबून असलेल्या फ्रेममुळे) उशीर का वाढतो, हे सगळं घाईत उरकलं. माझ्या शेजारचा मुलगा सीसीटीव्हीचं काम करणारा, त्याला नेमकं तेच हवं होतं आणि तो नाराज होऊन गेला. आयएसपीचं ट्यूनिंग, म्हणजे अंधुक प्रकाशात चित्र नीट कसं आणायचं, जवळपास नाहीच. ड्रायव्हर कोरा लिहायला शिकवत नाहीत, असलेला वाचून बदलायला शिकवतात. मला तेवढं पुरलं, सगळ्यांना पुरेलच असं नाही. नोट्स विस्कळीत आहेत, जुन्या-नव्या कर्नेलचे भाग एकमेकांत मिसळलेत. एका शनिवारी लाइट गेले आणि इन्व्हर्टरवर बोर्ड नव्हते. तीन एसडी कार्ड खराब झाली आणि अर्धी सकाळ ती पुन्हा भरण्यात गेली. १८ हजार घेतल्यावर एवढी सोय हवीच.

योक्टोच्या, म्हणजे आपल्या बोर्डापुरतं लिनक्स बांधायच्या साधनाच्या, बाबतीत मात्र त्यांचं कौतुक. पहिलं बिल्ड साध्या लॅपटॉपवर तासन्‌तास चालतं, म्हणून आधी बांधलेल्या भागांचा साठा हार्डडिस्कवर देतात आणि आपण आपला थर तेवढा जोडायचा. तरीही लॅपटॉपवर १०० जीबी मोकळी जागा आणि १६ जीबी रॅम ठेवा. प्रवेशाआधी सर कागदावर पॉइंटरचे चार प्रश्न सोडवून घेतात. ते सुटत नसतील तर आधी सी पक्कं करा. नोकरी नसलेल्यांनी, पूर्ण वेळ देता येत असेल तर, सीडॅकचा सहा महिन्यांचा एम्बेडेड डिप्लोमाही बघावा. त्याचा आवाका मोठा आहे. ही बॅच नोकरीत असलेल्यांसाठी आणि फक्त व्हिडिओपुरती आहे.

आमच्यात १४ जण होते, मुली तिघी. सांगलीचा एकजण दर शुक्रवारी रात्रीच्या एसटीने निघायचा, पहाटे स्वारगेटला उतरायचा आणि नऊच्या ठोक्याला पहिल्या टेबलावर असायचा. इचलकरंजीच्या यंत्रमागावरचं कापड तपासायला कॅमेरा बसवायचाय त्याला. तुटलेला एक धागा कॅमेऱ्यात किती पिक्सेलचा दिसेल, हे सरांनी त्याच्याकडून सगळ्यांसमोर फळ्यावर काढून घेतलं, आणि त्यातून त्याला हवी ती लेन्स ठरली. प्रत्येकाच्या कामात सर असंच लक्ष घालतात. बॅच संपल्यावरही ग्रुपवर उत्तर देतात, फक्त डीएमइएसजीचा (कर्नेलच्या नोंदींचा) फोटो पाठवायचा नाही, अख्खा मजकूर पाठवायचा.

पार्किंग गल्लीत मिळत नाही, दुचाकीवर या. सीरियल केबल स्वतःची आणा, पण ३.३ व्होल्टचीच. ५ व्होल्टची लावली तर बोर्डाची पिन जाते. आणि घरी सरावाला रास्पबेरी पाय घेणार असाल तर ४ घ्या. ५ मध्ये एच.२६४ चा हार्डवेअर एन्कोडर नाही, एन्कोडिंगचे धडे त्यावर करता येणार नाहीत.

सरांना एकच विनंती: आयएसपी ट्यूनिंगची वेगळी बॅच काढा, चार वीकेंडची का असेना. आमच्या शॉपमध्ये रात्रपाळीला दिवे बदलले की निम्मे रिव्हेट दिसेनासे होतात. पहिली फी माझी धरा.