उबुंटू काढलं आणि १९९.९८ डॉलर गमावले

काळी स्क्रीन आणि तिच्यावर ‘ग्रब’ एवढाच शब्द. त्यापायी माझे १९९.९८ डॉलर गेले. आधी ४९.९९, मग वीस मिनिटांत १४९.९९. घरात अजून कुणाला पूर्ण आकडा सांगितलेला नाही. इथे सांगते, कारण उबुंटू, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, काढून फक्त विंडोज ठेवणाऱ्या कुणालाही हीच स्क्रीन दिसू शकते.

लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही होतं. जागा पुरेना, म्हणून विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून उबुंटूचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा त्याचा भाग, डिलीट केलं. मी काही अडाणी नाही, ते उबुंटू मीच टाकलं होतं. पण पार्टिशन गेलं तरी उबुंटूचा बूट लोडर, म्हणजे मशीन सुरू होताना सिस्टिम उठवणारा प्रोग्रॅम, मागे राहतो, हे लक्षात आलं नाही. त्याचंच नाव ग्रब. नव्या, म्हणजे यूईएफआय या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या मशीनवर तो ईएफआय नावाच्या छोट्या वेगळ्या पार्टिशनमध्ये असतो, विंडोजच्या बूट मॅनेजरच्या शेजारी. मशीन सुरू झालं की आधी तोच उठतो, डिलीट झालेलं पार्टिशन शोधतो आणि ते न सापडल्यामुळे तिथेच अडतो. विंडोजला काहीही झालेलं नसतं.

तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि सकाळी काम द्यायचं होतं. मोबाईलवर मदतीचा नंबर शोधला, सगळ्यात वरचा फिरवला. तो जाहिरातीचा नंबर होता. वर आलेला नंबर कंपनीचाच असतो असं समजू नका, कंपनीच्या साइटवर जाऊन बघा.

पलीकडचा माणूस अत्यंत नम्र. त्याने लॅपटॉप सुरू होताना बूट मेनूची की दाबायला लावली आणि यादीतून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडायला सांगितलं. विंडोज उघडलं. डेस्कटॉप, फोटो, कामाच्या फायली, सगळं जागेवर.

तिथेच फोन ठेवायला हवा होता. काम झालं होतं, एक पैसाही न देता. यूईएफआयच्या सेटअपमध्ये जाऊन बूटच्या क्रमात विंडोज वर आणलं असतं की त्या रात्रीचा प्रश्न संपला होता. हा क्षण मी रोज आठवते आणि रोज तितकाच संताप येतो. कारण मला ते खटकलं होतं. मी विचारलंही, “मग आता काय राहिलं?” तो म्हणाला, “मॅडम, हे तात्पुरतं आहे. ग्रब बूटमध्ये शिरलाय, तो आतून डेटा खातो.” आणि मी ऐकून घेतलं.

पुढचं तुम्हाला माहीतच असेल. दुरून माझं मशीन त्याला चालवू देणारं रिमोटचं ॲप, मग इव्हेंट व्ह्यूअरमधल्या, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतल्या, लाल खुणा. त्या खुणा धडधाकट मशीनवरही असतात, हे मला नंतर कळलं. ४९.९९ ‘सफाईचे’. मग त्याने सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारी सोय, बंद करायला लावलं, डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या बिटलॉकरने रिकव्हरी की मागितली, आणि तो ४८ आकडी नंबर मी त्याला फोनवर वाचून दाखवला. ती की कुणालाही देऊ नका. मरत असलात तरी देऊ नका. त्यानंतर १४९.९९ ‘कायमच्या संरक्षणाचे’.

एवढं करून त्याने ग्रब काढलाच नव्हता! दुसऱ्या दिवशी मी स्वतः पाहिलं. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायच्या विंडोत) डिस्कपार्ट हे डिस्कचं टूल चालवून ईएफआय व्हॉल्यूमला ड्राइव्हचं अक्षर दिलं, तर आत उबुंटूचा फोल्डर जसाच्या तसा. तेवढा एक फोल्डर उडवला. शेजारच्या मायक्रोसॉफ्ट आणि बूट या फोल्डरांना हात लावायचा नाही, नाहीतर विंडोजच उठणार नाही. मग बीसीडीएडिट या आज्ञेने फर्मवेअरच्या, म्हणजे यूईएफआयच्या, यादीतली उबुंटूची नोंद पुसली. दहा मिनिटं लागली. यूईएफआयच्या आधीच्या, जुन्या बायोसच्या मशीनवर हे लागू नाही, तिथे विंडोजच्या रिकव्हरीतून बूटरेक या टूलची फिक्सएमबीआर ही आज्ञा चालवतात.

बँकेने काय सांगावं? “ओटीपी तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीने झाला.” संमती! खोटं सांगून घेतलेली संमती ही संमती असते का? तीन वेळा फोन केला, तीन वेगळी माणसं, प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि शेवटी तेच वाक्य. पोलिसांच्या सायबर विभागात तर विचारलं, “लॅपटॉप चालू आहे ना? मग नुकसान काय?” बूट लोडर म्हणजे काय हे समजावण्यात पाऊण तास गेला. तो विषयच नव्हता. माझे पैसे घेतलेत, माझ्या मशीनवर परका माणूस बसला होता, हा विषय होता. फॉर्ममध्ये ‘स्वतःहून प्रवेश दिला’ असं लिहून घेतलं आणि मी सही केली. त्या सहीचीही आता चीड येते.

ज्यांनी रिमोट दिलाय त्यांनी आधी इंटरनेट तोडा, दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड बदला, कार्ड बंद करा. तक्रार त्यानंतर. मी उलट क्रमाने केलं.

परवा त्याच माणसाचा पुन्हा फोन आला. आवाज ओळखला. कंपनी बंद होतेय, पैसे परत करायचे आहेत, फक्त ते ॲप पुन्हा टाका म्हणाला. मी फोन कापला आणि तो नंबर बँकेला आणि सायबर विभागाला, दोघांनाही कळवला. दोन्हीकडून अजून उत्तर नाही.