मंडई मेट्रो स्थानक : वर्षभराच्या रोजच्या वापरानंतर

मी संत तुकाराम नगरला राहते आणि शुक्रवार पेठेतील एका कार्यालयात हिशेब लिहिण्याचे काम करते. पुणे मेट्रोचा जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला आणि काही आठवड्यांतच माझी दुचाकी इमारतीखाली जी उभी राहिली, ती आता फक्त दळण आणण्यापुरती हलते.

मेट्रोमुळे वेळ वाचतो असे सगळे म्हणतात. माझ्या बाबतीत प्रवासाचा वेळ फारसा वाचलेला नाही. वाचली ती गाडी लावण्याची वणवण. शिवाजी रस्ता स्वारगेटच्या दिशेने आणि बाजीराव रस्ता त्याच्या उलट दिशेने एकेरी असल्यामुळे एखादे वळण चुकले की पुन्हा सगळा फेरा घ्यावा लागे आणि आर्यन किंवा मिनर्वा वाहनतळात जागा नसली की कार्यालयाला उशीर ठरलेलाच. ज्यांना रोज पेठांत यावे लागते, त्यांना या एका कारणासाठी मी हे स्थानक निःसंकोच सुचवेन.

रेंजहिल्स सोडल्यावर गाडी जमिनीखाली उतरते आणि जिल्हा न्यायालयानंतर मुठा नदीच्या खालून कसबा पेठेकडे जाते. तीन डब्यांपैकी एक महिलांसाठी राखीव आहे, पण सकाळी तोही भरलेला असतो. डेक्कनला किंवा वनाजला जायचे असेल, तर जिल्हा न्यायालयाला मार्गिका बदलावी लागते. तेथील भुयारी फलाट सुमारे ३३ मीटर खोल आणि दुसरी मार्गिका थेट पुलावर, त्यामुळे सरकत्या जिन्यांची ही चढण हिशेबात धरूनच घरून निघावे.

मंडई स्थानक आतून स्वच्छ आहे. तक्रार आहे ती बाहेर पडल्यानंतरची. कोणत्या दाराने कोणत्या गल्लीत निघू, हे पहिल्या महिन्यात मला अनेकदा कळले नाही. पदपथावर दुचाकी, हातगाड्या आणि फळांच्या पाट्या यांतून वाट काढताना रस्त्यावर उतरावेच लागते आणि पावसाळ्यात भाजीचा पाला पायाखाली येतो तेव्हा ते धोक्याचेही असते. मंडई म्हटली की हे आलेच, असे कोणी म्हणेल. परंतु एवढ्या खोलवर बोगदा खणता येतो, तर वरचे शे-दोनशे पावलांचे अंतर नीट चालता येण्याजोगे करणे अशक्य नसावे. (१८८६ मध्ये खुल्या झालेल्या या मंडईच्या बांधकामावरील खर्चाला महात्मा फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता आणि पुढे तिला त्यांचेच नाव मिळाले, आजचे पदपथ पाहून ते काय म्हणाले असते, हा विचार संध्याकाळी हमखास मनात येतो.)

संध्याकाळी परतताना भाजी घेऊनच खाली उतरता येते, ही सोय मात्र अन्य कोणत्याही स्थानकावर नाही. सुरक्षा तपासणीच्या यंत्रातून मेथीच्या जुड्या निमूटपणे पुढे सरकतात आणि आता तेथील कर्मचारी मला भाव विचारू लागले आहेत. गणेशोत्सवाचे दिवस याला अपवाद. २०२५ मध्ये गाड्या मध्यरात्रीनंतरही धावत होत्या, तरी संध्याकाळी देखाव्यांच्या गर्दीतून दारापर्यंत पोहोचणेच इतके कठीण झाले होते की, त्या काळात मी भाजीचा नाद सोडला.

तिकीट १० ते ३५ रुपयांच्या आत बसते आणि शनिवारी-रविवारी ३० टक्के सवलत मिळते. गुडघेदुखीमुळे पेठेत येणे बंद केलेल्या माझ्या सासूबाई लिफ्टच्या आधाराने आता शनिवारीच येतात; तिकिटात वाचलेले पैसे त्या तुळशीबागेत दसपटीने खर्च करतात, हा भाग वेगळा.