अकेडियात तंबू कुठे ठोकावा?

बॉस्टन किंवा न्यू जर्सीहून मेन राज्यातल्या अकेडिया नॅशनल पार्कला निघालेल्यांनी दोन गोष्टी आधीच धरून चालाव्यात. पार्कच्या कुठल्याही कॅम्पग्राउंडवर अंघोळीची सोय नाही, आणि तंबूत पडल्या पडल्या समुद्र दिसत नाही. जागा झाडीत आहेत. त्यामुळे सोयींची यादी जुळवत बसण्यापेक्षा सोबत कोण आहे ते बघा.

पहिलीच खेप असेल तर ब्लॅकवुड्स कॅम्पग्राउंड. बार हार्बर गाव तिथून जेमतेम आठ किलोमीटर. जूनअखेरपासून आयलंड एक्सप्लोररची फुकट बस इथे थांबते, म्हणजे पार्किंग शोधत फिरणं टळतं. अर्थात गर्दीही इथेच. पैसे देऊन अंघोळ करायची तर कॅम्पग्राउंडबाहेर अर्ध्या मैलावर सोय आहे.

मला विचाराल तर सीवॉल. पार्कचा बराचसा भाग ज्यावर आहे त्या माउंट डेझर्ट बेटाची ही पश्चिम बाजू शांत. गाडीपासून थोडं चालत जायच्या तंबूच्या जागा आहेत, त्याच घ्याव्यात. शेजारच्या आरव्हीची, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीची, घरघर कमी. रस्त्यापलीकडे गोल गोट्यांचा नैसर्गिक बांध आहे. सकाळी धुकं असताना स्टोव्ह आणि पोह्यांचा डबा घेऊन तिकडच्या पिकनिक टेबलावर जावं. लाट मागे फिरताना गोटे एकमेकांवर घासत खडखडतात, दिसत मात्र काहीच नाही. बास हार्बरचं दीपगृहही जवळच. अडचण एकच, बार हार्बर इथून जवळजवळ तीस किलोमीटर.

आई-बाबा भारतातून आलेत आणि आरव्ही भाड्याने घेतलीय? मग स्कूडिक वुड्स. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या कॅम्पग्राउंडवर वीज आणि नळाची जोडणी असलेल्या जागा मिळतात. पण हे मुख्य भूमीवर आहे. बार हार्बरला जायला गाडीने तासभर.

डक हार्बर हौशी लोकांसाठी. आयल ओ हो बेटावर, स्टोनिंग्टनहून बोटीने जायचं. तीन बाजूंनी बंद असे लाकडी निवारे आहेत, एकूण पाचच. पाणी हातपंपाचं, कचरा आपला आपण परत आणायचा. लहान मुलं असतील तर नको.

बुकिंग चारही ठिकाणी आधीच लागतं. कॅडिलॅक डोंगरावरून सूर्योदय बघायचा तर मोसमात गाडीचं आरक्षण वेगळं करावं लागतं, कॅम्पिंगच्या पावतीवर ते चालत नाही. सरपण घरून नेऊ नका, झाडं पोखरणारे किडे त्यातून पसरतात. तिथलंच विकत घ्या. आणि मे-जूनमध्ये जाणार असाल तर चावऱ्या काळ्या माश्यांसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे ठेवा.