सर पहिल्या दिवशी बेस हातात देत नाहीत

उत्तर गोव्यात राहून कुणाला बेस गिटार शिकायची असेल तर त्याच्यासाठी हे लिहितोय. म्हापशाच्या पलीकडे, बार्देशातल्या एका गावात, जुन्या घराच्या बाल्कांवाला (दारापुढच्या बैठकीच्या ओसरीला) लागून असलेल्या खोलीत हा क्लास चालतो. बाहेर पाटी नाही. सरांनी नाव-गाव छापू नको असं बजावलंय, कारण मुलं आधीच जास्त झालीत. पण म्हापशात वाद्यांच्या दुकानात ‘तियात्रात बेस वाजवायचे ते सर’ म्हणून विचारलंत तर वाट सांगतात.

मी मूळचा डिचोलीचा, म्हापशात फार्मसी चालवतो. घरात भजनाचं वेड, लहानपणापासून पखवाज वाजवतो, अजूनही सप्ताहाला बसतो. बेसकडे वळलो तो पखवाजाच्या धुम्यामुळे. कणीक लावलेल्या त्या डाव्या अंगाचा आवाज मला उजव्यापेक्षा कायम जवळचा वाटत आला. ओळखीच्यांच्या लग्नांत बँड ऐकताना तसाच आवाज पोटात लागायचा, आणि तो काढणारा माणूस कोपऱ्यात, ड्रमच्या शेजारी, जवळजवळ न हलता उभा असायचा. गेल्या पावसाळ्याच्या थोडं आधी क्लास लावला.

पहिल्या तासाला बेस भिंतीवरच टांगलेली राहिली. सरांनी मेट्रोनोम लावला आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर टाळी द्यायला सांगितलं. भजनी ठेक्यात वाढलेल्या माणसाचा हात समेवर पडायला धावतो, इथे नेमकी ती जागा मोकळी सोडायची. मग मेट्रोनोम निम्म्यावर आणला: आता त्याचा ठोका हाच दुसरा आणि चौथा, पहिला तू मनात धर. त्यानंतर डो-रे-मी म्हणायचं, हाताने ताल देत. माझ्यासोबत कॉलेजातला एक मुलगा होता. तो पुढच्या आठवड्यापासून दिसला नाही, आणि मला त्याचा राग नाही. पैसे देऊन टाळ्या वाजवायला कोण येईल?

पण असं का, याचं उत्तर सरांच्या लहानपणात आहे, आणि हा क्लास कळायचा असेल तर ते माहीत असलेलं बरं. गावच्या चर्चच्या शाळेत सातव्या वर्षी त्यांना घातलं. तिथले मेस्त, म्हणजे संगीताचे मास्तर, आधी कित्येक महिने नुसतं सोल्फेज म्हणून घेत. कागदावरचा स्वर बघायचा, गळ्यातून काढायचा, हाताने मात्रा मोजायची. ते पक्कं झाल्यावर व्हायोलिन, आणि चुकलं की बोटांवर बो, म्हणजे व्हायोलिनचा गज. चर्चला जोडलेल्या या संगीतशाळा पोर्तुगीज काळापासूनच्या. गावागावांतली पोरं नोटेशन वाचायला शिकली ती तिथे, आणि मुंबईच्या सिनेसंगीतात गोंयकार वादक भरले ते त्याच वाचनाच्या जोरावर. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा ही नावं जुने सिनेमे बघणाऱ्याला नवी नाहीत. सर स्वतः व्हायोलिनमध्ये बेताचेच होते, असं तेच हसत सांगतात. चर्चच्या क्वायरमध्ये मात्र ते आवाज फुटल्यावर खालच्या सुरांत गेले, आणि तिथे त्यांना पहिल्यांदा वाटलं की आपली जागा ही. वरच्या ओळीकडे लोकांचं लक्ष असतं. खालची ओळ चुकली तर सगळ्यांना काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं, काय ते मात्र सांगता येत नाही.

बेस हातात आली ती अपघाताने. गावच्या बँडचा बेसवाला बहारीनला नोकरीला गेला. सत्तरच्या दशकात गोव्यातले कितीतरी वादक असेच गल्फला गेले. सोळा वर्षांच्या या पोराला नोटेशन वाचता येतं म्हणून उभं केलं. काका तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला, होते, त्यांनी पुढच्या खेपेला बोटीवरून एक जुनी बेस आणली. तारा इथे मिळत नव्हत्या. मेल्या की काढायच्या, पाण्यात उकळायच्या, पुसून वाळवून परत चढवायच्या. उकळल्यावर वेढ्यांत साचलेला घाम-मळ सुटतो आणि थोडे दिवस आवाज उजळतो. आजही कुणी नव्या तारांचं रडगाणं गायला लागलं की सर ही गोष्ट काढतात, आणि तिला जोडून जेम्स जॅमरसनची. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या शेकडो गाण्यांत वाजवलेला हा माणूस उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा आणि तार तुटेपर्यंत बदलायचा नाही.

मग तियात्र, म्हणजे कोंकणी संगीत नाटक. मराठी नाटकं बघत वाढलेल्या माझ्यासारख्याला तियात्राची कल्पना फार थोडी होती. १८९२ साली मुंबईत सुरू झालेला हा प्रकार, प्रवेशांच्या मध्ये कांतारां, म्हणजे गाणी, आणि रंगमंचाच्या पुढ्यात बसलेला बँड: ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम, बेस. कांतार म्हणणाऱ्याचा घसा त्या रात्री बसलेला असेल तर तो न सांगता खालच्या पट्टीत सुरू करणार. बँडने दोन मात्रांत त्याला पकडायचं. तिथे तालमीतली पट्टी धरून बसलं की संपलं.

हे सगळं क्लासमध्ये उतरतं, म्हणून मी सांगतोय. कुठलीही ओळ बसली की सर ती लगेच दुसऱ्या पट्टीत मागतात, मग तिसऱ्या. मोकळी तार वापरायला सुरुवातीला बंदी, कारण मोकळ्या तारेवर बसवलेली ओळ पट्टी बदलली की कोसळते. सगळं बोटांखाली ठेवलं तर हात तसाच्या तसा सरकवता येतो. हे आम्हा पखवाजवाल्यांना सहज उमगत नाही. आमचं वाद्य गाणाऱ्याच्या पट्टीला एकदा लावलं की झालं. माझा जास्तीत जास्त वेळ इथेच गेला आणि सगळ्यात जास्त मिळालंही इथेच.

तियात्रानंतर मुंबई. धोबीतलावाला, जेर महालच्या आसपास, गोंयकारांची कूड (गाववाल्यांची सामायिक राहायची जागा) असते तिथे एका पेटीपुरती जागा, संध्याकाळी हॉटेलच्या बँडमध्ये नोकरी. टोनी वाझ हे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातले बेसवाले. त्यांची बेस सर अजूनही आम्हाला घरचा अभ्यास म्हणून ऐकायला देतात. संगीतकार क्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांच्या जुन्या कोंकणी रेकॉर्डीही देतात, बेस कुठे थांबते ते लिहून आणायला. कुठे वाजते ते नाही, कुठे थांबते ते. त्यानंतर पर्यटकांच्या बोटीवरचा बँड. तिथे निवड करताना समोर कागद ठेवतात आणि मोजून देतात, एक-दोन-तीन-चार. वाचता आलं तर नोकरी. मेस्तांनी बोटांवर मारलेल्या बोचं मोल तेव्हा कळलं, हे सरांचं आवडतं वाक्य. आम्ही ते इतक्यांदा ऐकलंय की मुलं आधीच हसतात.

परत आले तोवर कळंगुटच्या बाजूला हॉटेलांत वेगळंच चालू झालं होतं. एक कीबोर्डवाला, त्याच्या यंत्रात भरलेले ड्रम आणि बेस, शेजारी एक गायिका. पाच माणसांचं काम दोघांत. त्यात पहिल्यांदा गेला तो बेसवाला. सर त्याबद्दल कडवटपणे बोलत नाहीत, पण क्लासमध्ये ठोकळेबाज वाजवलं की म्हणतात, असं वाजवायला यंत्र आहे की. २०२०च्या टाळेबंदीत लग्नंही बंद पडली तेव्हा शेजारच्या पोराला बाल्कांवात बसून शिकवायला लागले. क्लास म्हणतात तो हा.

आता शिकवण्याबद्दल. टॅब, म्हणजे कुठल्या तारेवर कुठे बोट ते आकड्यांत लिहिलेलं, नाही. बेसचा क्लेफ, म्हणजे खालच्या सुरांचं नोटेशन, वाचायचा, दोन ठिपक्यांमधली रेघ म्हणजे फा, तिथून वर-खाली मोजत जायचं. डावा हात खालच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) पहिलं, दुसरं आणि करंगळी असा ठेवायला शिकवतात. साधारण बेसची तार चौतीस इंचांची, तिथे फ्रेट इतके लांब पडतात की चार बोटं ताणून बसवली तर मनगट दुखायला लागतं. वर गेल्यावर चारही बोटं. फार्मसीत मनगटाला पट्टा मागायला येणारी तरुण गिटारवाली मुलं बघतो, त्यामुळे ही काळजी मला फार पटली. उजव्या हाताची दोन बोटं आळीपाळीने, अंगठा न वाजणाऱ्या तारांवर टेकवलेला. वाजणाऱ्या तारेइतकंच लक्ष गप्प ठेवायच्या तारांवर.

आणि दुलपद. सहा-आठचा ताल शिकवायला सर दुलपद, हा गोव्यातला कोंकणी गाण्याचा प्रकार, घेतात. मी ऐकलं आणि मांडीवर दादरा धरला. सर थांबले, ‘परत कर’ म्हणाले, आणि मग तास संपेपर्यंत मी मांडीवर ठेका आणि ते बेसवर, असंच चाललं. पुढच्या वेळी घुमट, म्हणजे मातीच्या घड्याला कातडं लावलेलं वाद्य, काढून ठेवलं होतं. जुन्या काळी त्याला घोरपडीचं कातडं असायचं, आता त्यावर कायद्याने बंदी म्हणून बकऱ्याचं. २०१९मध्ये राज्याने त्याला वारसा वाद्य ठरवलं. घुमटाच्या तोंडावर हात उघडझाप करून जो खोल हुंकार निघतो तो आणि बेसचा मूळ स्वर एकमेकांना कुठे झाकतात, कुठे मोकळं सोडतात, हे त्या तासाला शिकलो. पुस्तकात शोधून सापडलं नसतं.

चुका दुरुस्त करायची त्यांची पद्धत म्हणजे कोंकणीतली दोन वाक्यं. घाई झाली की ‘कित्याक धांवता रे बाब?’ (का धावतोस रे?) आणि बाकी सगळ्यावर ‘पयलीं आयक, मागीर वाजय’ (आधी ऐक, मग वाजव). यापलीकडे स्पष्टीकरण क्वचित मिळतं. मला चालतं. ज्याला प्रत्येक गोष्टीचं कारण फळ्यावर लिहून हवं असतं त्याची पंचाईत होईल. हार्मनी ते असंच तुकड्यातुकड्यांनी शिकवतात. आज जे गाणं हातात आहे त्यात जे आलं ते. सलग अभ्यासक्रम नाही. ट्रिनिटी किंवा रॉकस्कूलच्या परीक्षांना बसवतात, वाचन चांगलं असल्याने मुलं पासही होतात, पण सरांचा त्यात जीव नाही हे कळतं.

तक्रारी आहेत. एक तर वेळ. नाताळानंतर कोरेज्माचे, म्हणजे ईस्टरआधीचे, उपवास लागेपर्यंत आणि पुन्हा मे महिन्यात ख्रिस्ती लग्नांची गर्दी असते, तेव्हा शनिवार-रविवारचे तास उडतात, कधी तासभर आधी निरोप येतो. भरपाईचा तास मिळतो, पण तुमच्या सोयीने नाही. कोरेज्मात लग्नं नसतात, तेव्हा क्लास सर्वांत नियमित चालतो. नव्याने लावणाऱ्याने तेव्हाच लावावा. दुसरं, खोलीतल्या वायरिंगला अर्थिंग नीट नाही, अँप सतत गुणगुणतो. पावसात वीज जाते तेव्हा गुणगुणही जाते आणि आवाजही. मग न जोडलेल्या बेसवर कान टेकून शिकायचं, किंवा ओळ तोंडाने म्हणायची. तिसरं, गोष्टी. तासातला बराच वेळ कधीकधी बोटीवरच्या आचाऱ्यावर जातो. मला त्या गोष्टींतून शिकायला मिळालं, पण शाळेतल्या मुलाच्या आई-बापांना फीचा हिशोब सुचत असेल तर ते चूक नाहीत. आणि स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तार ठोकून वाजवणं, शिकायचं असेल तर येऊ नका. सर सरळ सांगतात, मला येत नाही, दुसरीकडे जा. जलद मेटलचंही तेच.

फी महिन्याला अडीच हजार, आठवड्यातून एक तास. रोख किंवा फोनवरून. पावती मिळत नाही.

वाद्य विकत घेण्याआधी सरांना विचारा, दुकानदाराला नंतर. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ते चौतीस इंचांची घेऊच देत नाहीत, तीस इंचांची छोटी बेस सांगतात. गिटारच्या अँपवर बेस मोठ्याने लावायची नाही, स्पीकर फाटतो. सगळ्यात खालच्या ‘मी’ (E) तारेचा मूळ स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा, तो फोनच्या स्पीकरमधून येतच नाही, म्हणून गाणी हेडफोनवर ऐकायची. त्या स्वराची लाट आठ मीटरहून लांब, फ्लॅटच्या छोट्या खोलीत कोपऱ्यात तो घुमतो आणि मधोमध गायब होतो. घरी आवाज पोकळ वाटला तर वाद्याला दोष देण्याआधी जागा बदलून बघा. आपल्या हवेत तारा लवकर गंजतात, वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसल्याच पाहिजेत. पावसाळा आला किंवा सरला की बेसची मान वाकते आणि तारा खडखडतात. आतली सळई फिरवायचं काम सर ॲलन कीने दोन मिनिटांत करतात, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. यूट्यूब बघून स्वतः करू नका.

तबला, पखवाज, ढोलकी वाजवणाऱ्यांनी जरूर जावं. ताल तुमच्याकडे आहे, पट्टी ते देतील. लीड गिटार जमली नाही म्हणून बेसकडे वळणाऱ्यांना पहिले दोन महिने अवघड जातील.

फोन सकाळी अकराच्या आत करू नये. आदल्या रात्री कुठेतरी लग्न वाजवून ते पहाटे घरी आलेले असतात, आणि फोन त्यांची बायको उचलते.