कान तुझ्यासारखे आहेत

तलावपाळीच्या कठड्यावर बसून बायकोने शुक्रजंतू देणाऱ्या डोनरचा तो फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि म्हणाली, "कान तुझ्यासारखे आहेत बघ." तेवढ्यावर मी 15 हजार पाठवले.

आधीचं थोडक्यात सांगतो. मूल होत नव्हतं, दोष माझ्यात. सुईने काढलेल्या चार-दोन शुक्रजंतूंवर दोन इक्सी (शुक्रजंतू थेट स्त्रीबीजात टोचतात ते) झाल्या, दोन्ही फुकट गेल्या. नौपाड्यातल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आता डोनरचा विचार करा. आम्ही "बरं" म्हणून बाहेर पडलो, पुढचा एक प्रश्न विचारला नाही. लाज वाटली, दुसरं काय!

त्याच आठवड्यात पेशंट लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून एकाचा मेसेज आला. 'स्पर्म बँकेत फोटो दाखवत नाहीत, आमच्याकडे निवडून घ्या.' इंजिनिअर, पाच फूट दहा इंच, गोरा, जातसुद्धा आपलीच. स्थळ बघतोय की काय, असं मलाच वाटलं, तरी थांबलो नाही. नोंदणीचे 15, तपासण्यांचे 35, नायट्रोजनच्या टाकीतून वाशीहून आणायचे 20. एकूण 70 हजार, सगळे यूपीआयने.

सॅम्पल कधी आणू, हे विचारायला गेलो तेव्हा मॅडमनी कपाळाला हात लावला. 2021 च्या कायद्याप्रमाणे क्लिनिकला सॅम्पल नोंदणीकृत एआरटी बँकेकडूनच, म्हणजे सरकारदरबारी नोंद असलेल्या स्पर्म बँकेकडूनच घ्यावं लागतं. डोनर 21 ते 55 वयाचा, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी-सी, सिफिलिससाठी तपासलेला. एकाचं सॅम्पल एकाच जोडप्याला. आणि तो कोण, हे जोडप्याला कळू देत नाहीत. म्हणजे फोटो दाखवला तिथेच तो मेसेजवाला चोर ठरला होता, आणि आम्ही नेमके फोटोलाच भुललो.

जिन्यातूनच त्याला फोन लावला. "मॅडमचं कमिशन बुडतंय, म्हणून बोलतायत." मी पैसे परत मागितले, तर अगदी शांतपणे म्हणाला, "घरी आईंना माहितेय का हो?" फॉर्मवर घरचा नंबर मीच लिहून दिला होता. आणखी 25 हजार हवे होते त्याला.

ते दिले नाहीत. रात्री आईला आम्हीच सांगितलं. ती बराच वेळ मटार सोलत राहिली, मग म्हणाली, "पोलिसांत गेलात का?" तेव्हा कुठे सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर फोन केला. पहिले पैसे जाऊन आठ दिवस झाले होते, खातं रिकामं. तासा-दोन तासांत कळवलं असतं तर कदाचित रक्कम गोठवता आली असती.

फोटोतला माणूस शर्टांच्या जाहिरातीतला मॉडेल निघाला. बायको म्हणते, डिलीट कर. पण पोलिसांनी ठेवायला सांगितलाय.