स्पीकर बदलायचे का? जुनेच दुरुस्त, नवे बुकशेल्फ की टॉवर

आमचा हॉल १४ फूट बाय १० फूट, हे आधीच सांगून टाकतो कारण पुढचं सगळं तिथेच अडतं. अ‍ॅम्प्लिफायर ५० वॉटचा, अजून ठणठणीत. स्पीकर वीस वर्षांपूर्वी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेले बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणारे छोटे खोके, साडेसहा इंची वूफरवाले (वूफर म्हणजे खालचे सूर वाजवणारा). ऐकणं म्हणाल तर बरंचसं ख्याल आणि नाट्यसंगीत, मग जुनी फिल्मी गाणी, आणि मुलगा घरी असला की त्याचं ते धडधडणारं जे काय असेल ते. गेल्या वर्षी वाटायला लागलं की आवाजात दम राहिला नाही, तबला ऐकला की नुसता दायाच वाजतोय आणि डग्गा घरी विसरून आलाय असं वाटायचं. म्हणलं आता बदलूया. मग तीन रस्ते दिसले, जुने दुरुस्त करणं, नवे बुकशेल्फ घेणं, किंवा एकदाच काय ते म्हणून टॉवर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच खोके, आणणं. तिन्हीवर बराच वेळ घालवलाय.

आधी जुन्यांचं. पुढची जाळी काढा आणि कोनच्या (वूफरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) कडेची जी रिंग असते तिला बोटाने हलकेच दाबा. रबराची असेल तर बहुतेक काळजी नाही, रबर वर्षानुवर्षं टिकतं. पण फोमची असेल तर १५-२० वर्षांत, त्यात आपल्याकडच्या दमट हवेत, ती आपोआप कुजते, वाजवा नाहीतर झाकून ठेवा. माझ्या डाव्या स्पीकरची रिंग बोटाला चिकटून आली, ओल्या बिस्किटासारखी, आणि खाली काळा चुरा पडला. म्हणजे कोन कडेने सुटलेला, वूफर हवा ढकलतोय पण ती फटीतून निसटतेय, डग्गा ऐकू येणार कुठून. नुसती फोम रिंग बदलून मिळते, जोडीला मला साडेतीन हजार पडले, तुमच्या गावात कमीजास्त होईल. मात्र त्याआधी दोन्ही हातांची बोटं कोनवर सारखी टेकवून तो अलगद आत ढकलून बघा, आतून खरखर आली तर व्हॉइस कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) घासतेय आणि मग तो खर्च करून उपयोग नाही. क्रॉसओव्हरमधले (वरचे आणि खालचे सूर वेगळे करणाऱ्या सर्किटमधले) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पण एवढ्या वर्षांत सुकतात, ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा) मंद झालाय असं वाटत असेल तर तेही त्याच वेळी बदलून घ्या, मोठा खर्च नाही.

आणि एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. रिंगा बदलून आणल्या, जोडले, तरी बास नाहीच. आठवडाभर त्या दुरुस्तीवाल्याच्या नावाने बोटं मोडली. मग एका रविवारी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे वाकून बघितलं तर उजव्या स्पीकरची लाल-काळी वायर उलटी, आणि ती दिवाळीच्या साफसफाईत मीच काढून जोडलेली. एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि गाणाऱ्याचा आवाज मधोमध न येता खोलीभर पसरतो. म्हणजे जो दम गेला म्हणत होतो त्यातला अर्धा दिवाळीपासूनच गेला होता. तेव्हा स्पीकर बदलायचा विचार डोक्यात आला की पहिल्यांदा वायर बघा, फुकट आहे.

आता टॉवर. शोरूममध्ये टॉवर ऐकला की माणूस हरतो, मीही हरलो होतो. पण जरा हिशोब करूया. पुरुष गायकाचा सा पेटीच्या काळी १ ला धरला तर तो साधारण १३८ हर्ट्झ (सेकंदाला तेवढी कंपनं, आकडा लहान तितका सूर खालचा), आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९. बाईंचा सा काळी ४ धरला तर खर्जाची तार १०४ च्या आसपास. ख्यालाच्या मैफिलीत त्याच्या फार खाली काही नसतंच, डग्ग्याची घुमारीसुद्धा बरीचशी ह्याच टापूत फिरते. चांगला बुकशेल्फ खाली ५५-६० हर्ट्झपर्यंत आरामात जातो. टॉवर ज्यासाठी जास्तीचे पैसे मागतो तो ४० हर्ट्झच्या आसपासचा भाग माझ्या गाण्यात नाहीच. बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर तर त्याहून नाही, तिथे टॉवर लावून फक्त खालची घरघर मोठी होणार. आणि तानपुऱ्याची जवारी, जिच्यासाठी आपण हे सगळे उद्योग करतो, ती वरच्या पट्टीत असते, तिथे मिडरेंज (मधले सूर) आणि ट्वीटर किती स्वच्छ आहे हे महत्त्वाचं, खोका किती उंच आहे ते नाही. बीबीसीने १९७० च्या दशकात ओबी व्हॅनमध्ये (बाहेरून प्रक्षेपण करायच्या गाडीत) मावतील असे एलएस३/५ए नावाचे छोटे मॉनिटर स्पीकर बनवले होते, बास बेताचाच, पण माणसाच्या आवाजासाठी लोक अजून ते शोधत फिरतात.

पाइप ऑर्गन, सिम्फनी, सिंथ बास, हल्लीची फिल्मी गाणी, हे तुमचं मुख्य ऐकणं असेल तर माझा हिशोब उलटा करा, तिथे खालचा सप्तक खरंच कामाला येतो.

पण मग खोली आड येते. १४ फुटी हॉलमध्ये लांबीच्या दिशेने ४० हर्ट्झलाच घुमारा तयार होतो (आवाजाचा वेग भागिले लांबीची दुप्पट, साधं गणित आहे), म्हणजे टॉवर नेमका जिथे ताकद दाखवणार तिथेच आमची खोली त्याला साथ देऊन सगळ्या गाण्यांवर एकच ढूंऽऽ ओढणार. बुकशेल्फ तिथे धड पोचतच नाही, त्यामुळे सुटतो. शिवाय हे खालचे सूर स्लॅबमधून जातात, तुम्हाला बेताचा वाटणारा आवाज खालच्या काकूंना उशीत ऐकू येतो. हॉल २०० चौरस फुटांच्या वर असेल, भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ठेवायला जागा असेल, तर टॉवरचा विचार करा, नाहीतर तो पडद्याला चिकटून उभा राहतो आणि त्याच्यावर फुलदाणी येते.

वॉटचं विनाकारण घेऊ नका मनावर. ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (एका वॉटमध्ये एक मीटरवर किती मोठा वाजतो त्याचा आकडा) स्पीकर एका वॉटमध्ये दहा फुटांवर पण गप्पा थांबवाव्या लागतील एवढा वाजतो. बघायचं ते हे, की नवा स्पीकर ८५ चा असेल तर त्याच आवाजाला दुप्पट वॉट लागतात, आणि तो ४ ओहमचा असेल (ओहम कमी तितका अ‍ॅम्प्लिफायरवर ताण जास्त) तर आपला जुना अ‍ॅम्प्लिफायर तापतोय का. बरेच टॉवर ४ ओहमचेच येतात. म्हणजे टॉवर घेतला की सहा महिन्यांत अ‍ॅम्प्लिफायरही आलाच, हे बजेट मांडताना कोणी धरत नाही.

नव्या बुकशेल्फमध्ये मी दोन जोड्या नीट ऐकल्या, वॉर्फडेल डायमंडची आणि केईएफच्या क्यू सिरीजची. डायमंड माझ्या कानाला मऊ, जुन्या रेकॉर्डिंगचा खरखरीतपणा पोटात घालणारा. केईएफमध्ये ट्वीटर वूफरच्या मधोमध बसवलेला असतो, १९८८ पासून ते हे करतायत, त्याचा फायदा असा की दिवाणावर मी आणि कडेच्या खुर्चीत बायको, दोघांना बऱ्यापैकी सारखंच ऐकू येतं. पण खराब रेकॉर्डिंग ते खराबच ऐकवतं, लपवत नाही. ज्याला जुन्या आकाशवाणीच्या टेप ऐकायच्यात त्याने डायमंड घ्यावा असं माझं मत, केईएफवाले मित्र भांडतील, भांडू दे.

ऐकताना एक काळजी घ्या, जो स्पीकर थोडा मोठ्याने वाजतो तो चांगला वाटतो, कानाचा हा जुना खोडसाळपणा आहे, दोन्हींचा आवाज फोनवरच्या मीटरने सारखा करून घ्या. आणि शोरूममध्ये जाड कार्पेट, पडदे असतात, आपल्याकडे गुळगुळीत टाइल्स आणि सरकती काच, तिथला गोडवा घरी येईलच असं नाही. एका दुकानाने मला घरी ट्रायलला द्यायला नकार दिला आणि वर डब्बा उघडला की परत नाही असंही सुनावलं, तिथून मी काहीच घेतलं नाही.

शेवटी काय केलं ते सांगतो. आधी जुनेच, रिंगा बदलून, फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइपचे २४ इंची स्टँड करून आत वाळू भरली, ट्वीटर कानाच्या उंचीला आला, पूर्वी ते शोकेसवर छताकडे तोंड करून बसलेले असायचे. खाली सतरंजी. मागच्या पोर्टमध्ये (खोक्याच्या हवेच्या भोकात) जुना मोजा कोंबला कारण भिंत जवळ आहे, हसू नका, बास आटोपशीर होतो. ह्या सगळ्याचा खर्च नव्या जोडीच्या पाव भागाएवढाही नाही आणि फरक नव्या जोडीपेक्षा जास्त पडला. आठ महिने तसंच ऐकलं, मग एका स्पीकरचा ट्वीटर गेला, त्याचा तसाच दुसरा कुठे मिळेना, तेव्हा डायमंड आणले, त्याच स्टँडवर ठेवले. ट्वीटर गेला नसता तर आणले नसते. मुलाला टॉवरच हवे होते, त्याला म्हणलं हेडफोन लाव.